दीड वीत आणि दोन बोटं

सोलापूर,
रविवार, दुपार

प्रिय अक्का,

आधी सवयीनं 'साष्टांग नमस्कार' लिहिलं आणि मग खोडलं. तुम्ही म्हणाला असतात, "साष्टांग कशाला घालतेस धाकटे, गुडघे दुखतात की तुझे."

गेलेल्या माणसाला पत्र लिहितात का, हे मला माहीत नाही. पुण्याला आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर दर नोव्हेंबरात गेलेल्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून वेदीपाशी ठेवायच्या. आम्हां हिंदू मुलींना तिथं जायची सक्ती नव्हती, पण मी दारातून बघायची. नाव लिहिलं की पोचतं, असं त्या म्हणायच्या. आपल्याकडे पिंड पोचतो म्हणतात. कागद पोचतो की नाही कोण जाणे. पण उद्या सोमवार आहे, आणि परवा मागच्या खोलीतली खिडकीखालची फरशी उचलली. या दोन गोष्टी डोक्यात एकत्र आल्यापासून मला काही सुचत नाही. घरात दुसऱ्या कुणाला सांगणार? म्हणून तुम्हांला.

आधी आनंदाची बातमी. वसंताला मुलगा झाला. आज पंचवीस दिवस झाले. रंग तुमच्या भाषेत 'नाचणीच्या भाकरीचा', जावळ मात्र भरपूर. मालतीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण असूनही आपल्याकडेच केलं. वसंता कुर्डुवाडीला, रेल्वेच्या नोकरीत. सुटी मिळाली की येतो, पाळण्यात डोकावतो आणि जातो. त्यानं पत्रात लिहिलं होतं, "आई, मागची खोली बाळासाठी नीट करून घे. तुझ्या त्या कॉन्व्हेंटवाल्यांची असते तशी नर्सरी कर." मला हसू आलं. नर्सरी म्हणे! तुमची ती खोली आठवते ना, धान्याची पोती काढली तरी बाज आणि पाळणा ठेवल्यावर उभं राहायला तेवढी जागा उरते. त्यात खुर्ची ठेवली की दार लागत नाही.

आणि सगळं घोडं त्या खुर्चीपाशीच अडलं.

मालतीचं बाळंतपण फार अवघड गेलं. कंबर अशी धरली की तिला मांडी घालून बसताच येईना. निजून पाजलं की बाळ दोन घोट घेऊन झोपी जातं, नाहीतर ओकतं. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं तर जन्मलं त्याहून कमी भरलं. त्या म्हणाल्या, "बाईंना ताठ बसवा, पाठीला टेकू द्या, पाय जमिनीला लागू द्यात. पोटभर पाजू द्या. सोमवारी परत आणा. वजन वाढलं नाही तर बाटली सुरू करू."

बाटली. अक्का, तुम्हांला सांगायला नको. वसंताच्या आधीची माझी मुलगी वरच्या दुधावर दोन महिने जगली. सोलापूरचा तो उन्हाळा, उकळून ठेवलेलं दूधसुद्धा दुपारपर्यंत फाटायचं. डॉक्टरीणबाई म्हणतात, आता सगळं सुधारलं आहे, घाबरू नका. त्या हुशार आहेत. पण माझ्या हातांना ते कळत नाही. 'बाटली' म्हटलं की माझे हात गार पडतात.

म्हणून मी खुर्ची शोधायला लागले. आयुष्यात काही निवडायचं म्हणजे लुगड्याचा काठ, नाहीतर वांगी. खुर्ची कधी निवडली होती? ह्यांना विचारलं तर, "तुम्ही बायका बघा," म्हणून कोर्टात निघून गेले.

पहिल्यांदा ह्यांचीच आरामखुर्ची आत ओढली. मालती बसली ती थेट आत घसरली. डोकं मागं, पाय वर, बाळ पोटावर. "आई," ती म्हणाली, "मी बसले आहे की निजले आहे?" उठवायला मला दोन्ही हात द्यावे लागले.

मग गिरणीतले एक इंजिनियरसाहेब विलायतेला परत चालले, त्यांच्या सामानाच्या लिलावातून झुलती खुर्ची आणवली. हिच्यावर माझा फार जीव होता. आमच्या शाळेत पाहुण्यांच्या खोलीत अशी एक होती, आणि तिच्यात बसायला आम्हां मुलींना मनाई. इतक्या वर्षांनी ती माझ्या घरी आली, पण मागं झुकली की पाळण्याला धडकायची आणि पुढं झुकली की बाजेला. मालतीला चक्कर यायची आणि बाळ प्यायच्या आधीच गाढ झोपायचं. परत पाठवली.

शेवटी मामंजींची खुर्ची. सागवानी, ताठ पाठीची, वेताच्या बैठकीची. ते गेल्यापासून ओटीवर भिंतीला लावून ठेवलेली, वर त्यांची पगडी. माझं मन होईना. पण तुमच्या ह्यांना, भावजींना, विचारलं तर ते वर्तमानपत्रातून मान न काढता "न्या" म्हणाले. मामंजी उंच माणूस, मालती तुमच्याएवढी, खांद्याला येणारी. तिचे पाय लोंबकळायला लागले. मी पायांखाली पाट सरकवला. म्हटलं, झालं. पाठीला टेकू, पायाला आधार, आता पीत का नाही बघू.

तरी बाळ पिईना. म्हणजे लागायचं, चार घोट घ्यायचं आणि सुटायचं, आणि मग रडून लाल व्हायचं. दिवसभर तेच. मी उशी बदलली, खुर्ची खिडकीकडून दाराकडे फिरवली, हातांखाली तक्के दिले. मालती रडायला लागली, "माझ्यातच काही कमी आहे." मी तिला गप्प केलं आणि न्हाणीघरात जाऊन स्वतः रडले. काय चुकत होतं ते खरोखर कळत नव्हतं.

अक्का, मामंजींच्या त्या खुर्चीकडे बघताना मला आपल्या घरातला माझा पहिला दिवस आठवत होता. तुम्हांला आठवतो? मी सोळा वर्षांची, नऊवारीत अडखळणारी. सकाळी ओटीवर कुणी नव्हतं. शाळेत बाकावर बसायची सवय, पाय दुखत होते, खुर्ची रिकामी होती. मी बसले. त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही. आणि मामंजी बाहेरून आले.

मला उठायचंही सुचलं नाही. तेवढ्यात तुम्ही आतून वाऱ्यासारख्या आलात, दंडाला धरून मला उठवलंत, कमरेचं फडकं काढून माझ्या हातात कोंबलंत आणि मामंजींना म्हणालात, "खुर्ची पुसत होती ती. धूळ लई बसती ना." मी पुसायला लागले. मामंजी बसले. आत गेल्यावर तुम्ही तोंडाला पदर लावून इतक्या हसलात की ठसका लागला. "पुण्याची मड्डम," म्हणालात, "इथं बाई बसती ती जमिनीवर. नाहीतर सरणावर."

त्यानंतर तीस-पस्तीस वर्षांत मी या घरात पुरुषमाणसासमोर खुर्चीवर बसले नाही. आणि मामंजी जाऊनही पंधरा वर्षं झाली.

तुम्ही मला वाचवलंत, आणि मी तुमच्यासाठी काय केलं? हे सांगायलाच खरं तर पत्र लिहायला घेतलं, आणि इतका वेळ खुर्च्यांभोवतीच घुटमळते आहे.

तुमच्या दुसऱ्या बाळंतपणानंतर तुमची कंबर अशीच धरली होती. मालतीसारखीच. एकदा भाकरी थापताना तुम्ही हळूच म्हणालात, "धाकटे, तू शिकलेली. मामंजी तुझं ऐकतात, तुझ्याकडून इंग्रजी तारा वाचून घेतात. त्यांना म्हण की, मागच्या खोलीत एक जुनी खुर्ची ठेवू द्या. दार लावून बसेन मी. पोराला पाजण्यापुरती."

मी "बरं" म्हटलं. आणि विचारलं नाही. रोज सकाळी ठरवायची, आज विचारीन. मग ती पहिली सकाळ आठवायची, हातातलं फडकं आठवायचं. पुन्हा मड्डम म्हणतील, शिकलेली म्हणून मोठीच्या कानात भरवते म्हणतील. तुम्ही दोन-तीनदा माझ्या तोंडाकडे बघितलंत आणि मग बघायच्या थांबलात. तुम्ही मला एकदाही का टोचलं नाहीत? टोचलं असतंत तर मला बरं वाटलं असतं.

मग तुम्ही त्या खड्ड्यात बसायला लागलात.

हे घर मामंजींनी एका विणकराकडून घेतलेलं. मागच्या खोलीत खिडकीखाली त्याच्या मागाचा खड्डा तसाच राहिला होता. विणणारा जमिनीवर बसून पाय खाली सोडायचा, तो खड्डा. तुम्ही त्याच्या काठावर बसायचात, पाय आत सोडून, पाठ भिंतीला लावून. मी विचारलं तर म्हणालात, "गार वाटतंय ग इथं." सोलापुरात गारव्यासाठी माणूस काय करत नाही? मला पटलं.

त्याच खड्ड्याच्या काठावर माझा वसंता जगला. माझी मुलगी गेली, मग तो झाला आणि माझ्या अंगावर दूधच येईना. मी त्याला घेऊन दारात नुसती उभी होते. तुमची कमळ तेव्हा पाच महिन्यांची, मांडीवरच होती. तुम्ही शेजारची जमीन थोपटलीत आणि तुमच्या माहेरच्या कानडीत म्हणालात, "बा, कुंद्रु." ये, बस. दोन शब्द. मला कानडी येत नव्हतं, पण ते कळलं. मी तुमच्याशेजारी पाय सोडून बसले आणि तुम्ही वसंताला माझ्या हातातून घेतलंत. एकीकडे कमळ, एकीकडे तो. आठ महिने. मी रोज तुमच्याशेजारी बसायची आणि एकदाही मला वाटलं नाही की बसायला किती बरं वाटतं आहे, ते का. मी वसंताच्या गळ्याकडे बघत असायची, घोट खाली जातो आहे ना म्हणून.

त्या खड्ड्याचं पुढं काय झालं ते तुम्हांला ठाऊक आहे. ते मी जरा थांबून लिहिते.

गेल्या मंगळवारी मालती पडता पडता वाचली. मामंजींच्या खुर्चीत बसली होती, पायांखाली पाट, बाळ नुकतं लागलेलं. एकदम उठली, पाट पायाखालून सटकला आणि ती बाळासकट पुढं झुकली. मी दारातच होते म्हणून धरलं. मी त्या खुर्चीला बोलले, पाटाला बोलले, जे सुचेल त्याला बोलले.

शिवप्पा सुतार तेव्हा परसात खिडकीची झडप रंध्यानं साफ करत बसला होता. आपल्या अक्कलकोटकडचाच, तुम्ही त्याला भाऊ मानायचात तो. आता डोक्याचा चकोट आणि दात दोन. त्यानं रंधा बाजूला ठेवला.

"बाईसाब, राग मानू नका. खुर्ची बरी हाय."

"बरी कशी? पडली असती ना आत्ता."

"खुर्ची कुटं पडली? बसणारी बसतच न्हाय की. मी सकाळपासनं बघायलोय. मोठं मालक खोकलं की ऊठ. काठी वाजली की ऊठ. कुणाची चाहूल लागली की ऊठ. पोरानं प्यावं कवा?"

मी वळून दाराकडे बघितलं.

तुम्हांला माहीत आहेच, न्हाणीघराकडे जायचा बोळ त्याच दारावरून जातो. भावजी भला माणूस. आत बाळंतीण आहे, म्हणून चार पावलं आधीपासून खाकरतात, काठी आपटतात, की सुनेनं सावरून बसावं. म्हातारपण, दिवसातून आठ-दहा खेपा. दार खुर्चीमुळं लागत नाही, म्हणून मी पडदा लावला होता. पण पडद्याला खोकला थोडाच अडतो? ते खाकरले की मालती उठून भिंतीला लागून उभी राहायची. बाळ सुटायचं. ते जायचे, ती बसायची, बाळ परत लागायचं, ते परत यायचे.

आणि मला हे दिसलं कसं नाही? सांगते कसं. ते खाकरले की मीही उठत होते. दोघी उभ्या असल्यावर कोण बसलेलं नाही हे कुणाला दिसणार?

"मालती," मी म्हटलं, "उठू नकोस ग."

"आई, मोठे मामंजी येतात ना. मी ठरवून उठत नाही. पायच उठतात."

माझेही पायच उठतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांची आरामखुर्ची बोळात आणली, खोलीच्या दाराला लावली, आणि तिच्यात बसले. आत मालती मामंजींच्या खुर्चीत. म्हटलं, माझ्या आधी ती कशाला उठेल? डोक्यावरून पदर घेतला, आणि आरामखुर्चीत ताठ बसणं काय असतं ते त्या दिवशी मला कळलं. खुर्ची मागं ओढते, लाज पुढं ओढते.

खोकला आला. आत खुर्ची करकरली. "बस," मी म्हटलं. काठी वाजली. माझे गुडघे आपोआप उचलले गेले, तेव्हा मी दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले. भावजी वळणावर आले आणि थांबले. मी जमिनीकडे बघत होते. त्यांच्या वहाणांची टोकं तेवढी दिसत होती. बोळ अरुंद, माझ्या खुर्चीनं अडवलेला. पुढं जाता येईना त्यांना, आणि मी उठेना. मनात मात्र सगळं घर सोळा वर्षांच्या माझ्याकडे बघत होतं. अक्का, फडकं घेऊन यायला तुम्ही नव्हतात.

आतून आवाज येत होता. गटक, गटक, गटक. बाळ पीत होतं.

भावजींनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "शिवप्पा आला की मला हाक मारा." आणि वळून परत गेले.

झालं. आता खुर्च्या जाणार. इतकंच मला कळलं. त्या दिवसापासून ते बोळातून येईनात. भर उन्हात काठी टेकत परसाला वळसा घालून न्हाणीघराकडे जायचे, खाकरायचे नाहीत, बोलायचे नाहीत. हे रागानं की समजून? मला ठरवता येईना. जेवायला वाढताना त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. तो चेहरा कसा आहे ते तुम्हांला ठाऊक आहे. भिंतीवर काही लिहिलेलं असेल, पण त्यावर नाही. तुम्ही चाळीस वर्षं तो चेहरा कसा वाचलात?

परवा शिवप्पा आला. भावजी स्वतः त्याला घेऊन मागच्या खोलीत आले. मालती अंघोळीला गेली होती, बाळ माझ्या खांद्यावर. मी भिंतीला लागले.

"खिडकीखालची ती फरशी उचल," भावजी म्हणाले. "आणि बाबांच्या खुर्चीचे पाय काप."

शिवप्पा दचकला. "जुन्या मालकांच्या खुर्चीचं?"

"हं."

"किती ठेवू?"

"फरशी उचल. मोजून घे."

आता मला लिहायलाच हवं. वसंता दोन वर्षांचा असताना तुम्ही भाचीच्या लग्नाला माहेरी गेला होतात, आणि त्या पंधरा दिवसांत तो खड्डा मी झाकून घेतला. पोर दुडुदुडु धावायचं, पडेल ही भीती खरीच होती. पण सगळं खरं सांगायचं तर मला ती खोली नीटनेटकी हवी होती. राहत्या घरात खड्डा! माझ्या शाळेतल्या कुणी बघितलं तर काय म्हणेल, असंही वाटायचं. आडवे दांडके टाकून वर शहाबादी फरशी बसवली. आणि तुम्हांला गारवा आवडतो म्हणून खिडकीला वाळ्याचा पडदा लावून घेतला. किती खूश होते मी! तुम्ही आलात, दारात उभ्या राहिलात, फरशीकडे बघितलंत. म्हणालात, "बरं केलंस धाकटे. पोर पडलं असतं." पडद्यावर पाणी मारलंत आणि वास छान येतो म्हणालात.

तेव्हा तुम्हांला चौथा महिना होता.

त्या बाळाला तुम्ही उभ्यानं पाजलंत. भिंतीला पाठ लावून, एक पाय दुमडून. मी येता-जाता बघायची आणि मनात म्हणायची, अक्कांना बसायचा कंटाळा का येतो हल्ली?

शिवप्पानं पहार घातली, फरशी उचलली. खालून थंड, मातकट वास आला. खड्डा तसाच होता. तळाशी विटांचे दोन थर नीट रचलेले, वर घडी घातलेलं पोतं, कुजून काळं झालेलं. तुमचे पाय तळाला पोचत नसणार. म्हणून विटा.

शिवप्पा वाकला आणि विटेपासून काठापर्यंत हात लावला. "दीड वीत आणि दोन बोटं," म्हणाला.

"तेवढेच ठेव," भावजी म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "विटा मी आणून दिल्या होत्या. बाबांपुढं खुर्चीचं बोलायचं धाडस झालं नाही. विटा दिल्या."

काठी टेकत ते निघाले. दारापाशी थांबून म्हणाले, "बसत जा. उठू नका."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी फरशी घातली तेव्हाही माहीत होतं. अक्का, तुम्ही दोघांनी मला एका शब्दानं का सांगितलं नाही? मी खुर्चीचं विचारलं नाही म्हणून तुम्ही खड्ड्याचं सांगितलं नाहीत का? की माझा तो वाळ्याचा पडदा बघून तुमच्यानं बोलवलं नाही? या घरात आपण तिघंही इतकी वर्षं एकमेकांचा मान राखत आलो, आणि तुम्ही उभ्या राहिलात. मला राग कुणाचा यावा हेच कळत नाही. तुमचाही थोडा येतो. येऊ दे ना?

खुर्ची काल तयार झाली. पाय कापल्यावर ती केविलवाणी दिसेल असं वाटलं होतं, पण नाही दिसली. मालती न्हाऊन यायच्या आधी मी एकटीच बसून बघितलं. पाऊल सबंध जमिनीवर टेकतं. गुडघे आपसूक थोडे वर येतात आणि मांडीची झोळी होते, बाळाला मुद्दाम धरावं लागत नाही. पाठ टेकते. त्या खड्ड्याच्या काठावर तुमच्याशेजारी बसायची, अगदी तसंच. मी डोळे मिटले आणि उजव्या हाताला थोडी जागा सोडून बसले. का सोडली ते विचारू नका.

मालती बसली आणि काल दिवसभर बाळ प्यालं. आजही पितं आहे. उद्या तराजू काय म्हणेल ते मला माहीत नाही. दोन दिवसांत किती वाढणार? डॉक्टरीणबाई 'बाटली' म्हणाल्या तर मी त्यांना आणखी आठ दिवस मागीन. या खेपेला मागीन. तोंड उघडायचं मला आता जमतं, असं वाटतं. नक्की सांगत नाही.

पण अक्का, मघाशी एक गोष्ट झाली.

मी शेपूची वाटी घेऊन आत गेले. मालती नव्या खुर्चीत, बाळ लागलेलं, डोळे मिटून पीत होतं. माझ्या बांगड्या वाजल्या असतील. ती उठली. बाळ सुटलं आणि रडायला लागलं.

मी मागं वळून बघितलं, भावजी आले की काय. बोळात कुणी नव्हतं.

"कुणासाठी उठलीस ग?" मी विचारलं.

ती गोंधळली. "तुम्ही आलात ना, आई."

शिवप्पा म्हणाला होता, कुणाची चाहूल लागली की ऊठ. मी त्यातला भावजींचा खोकला तेवढा ऐकला. दिवसातून वीसदा आत-बाहेर मी करत होते. उशा मी बदलत होते. खुर्च्या मी फिरवत होते.

वाटी तिथंच ठेवली आणि इथं येऊन कागद घेतला.

तर आता कबूल करते ते ऐका. फरशी बसवावीच लागेल, हेही पोर उद्या रांगेल. पण या वेळी मालतीला विचारून बसवीन, आणि तिनं "बरं" म्हटलं तर दुसऱ्यांदा विचारीन. कमळला पत्र लिहून सगळं कळवीन. झाकलं होतं मी, हेही लिहीन. आणि त्या दारापाशी गेले की बांगड्या वाजायच्या आधी, पडद्याबाहेरूनच, तिला ऐकू जाईल असं म्हणीन, "कुंद्रु." तिलाही कानडी येत नाही. कळेल तिला. मला कळलं होतं.

आत बाळ रडायचं थांबलं आहे. जाऊन बघते, पण दारातूनच.

तुमची,
फडकं अजून हातात असलेली,
धाकटी